ग्राहक कुठे थांबतो : तारखांच्या टप्प्यांचा रिपोर्ट, प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ मार्च २०२५

विक्री विभागाच्या मॅडमनी मागणी एका वाक्यात सांगितली : "पहिली चौकशी येते तिथपासून सेवा सुरू होईपर्यंत ग्राहक कुठे आणि किती दिवस थांबतो, ते मला बघायचंय." वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. अशा मागणीचं पुढे 'एक फनेल (टप्प्यागणिक निमुळता होणारा चार्ट) टाकून द्या' एवढंच उरतं, हे आधी पाहिलेलं आहे. फनेलवरून किती जण पुढच्या टप्प्यावर पोचले ते कळतं, किती दिवसांनी पोचले ते कळत नाही. मॅडमच्या वाक्यातला कळीचा शब्द 'थांबतो' हा आहे, आणि फनेलमध्ये थांबणं कुठेच दिसत नाही.

टप्पे पाच : चौकशी, डेमो, कोटेशन, करार, सेवा सुरू. रिपोर्ट पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा. ग्राहकांच्या नोंदींच्या सिस्टिममधून रोज रात्री एक टेबल येतं. त्यात एका ग्राहकाची एक ओळ आणि पाच तारखांचे पाच कॉलम. चाचणीसाठी ग्राहक क्रमांक ११८ निवडला, कारण त्याच्या पाचही तारखा भरलेल्या आहेत : चौकशी ६ जानेवारी, डेमो १३ जानेवारी, कोटेशन १२ फेब्रुवारी, करार २४ फेब्रुवारी, सेवा सुरू ३ मार्च, म्हणजे आजच. मधली अंतरं ७, ३०, १२ आणि ७ दिवसांची, एकूण ५६. पाहता क्षणी वाटलं, डेमोनंतर कोटेशन द्यायलाच आपण महिना लावला.

मंगळवार, ४ मार्च

कोटेशन ते करार हे अंतर काढायला करारातून कोटेशनची तारीख सरळ वजा केली आणि सरासरी उणे हजारोंत आली. एका ओळीत तर उत्तर होतं उणे ४५,६७२ दिवस. कारण शोधायला वेळ लागला नाही. डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेत, वजाबाकी करताना रिकामी तारीख शून्य धरली जाते, आणि शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. तिथून मोजलं तर १५ जानेवारी २०२५ हा ४५,६७२ वा दिवस. करार अजून झालाच नाही अशा ग्राहकाचा करार आमच्या रिपोर्टने १८९९ सालात नेऊन ठेवला होता.

दोन्ही तारखा असतील तरच वजाबाकी करायची, नाहीतर जागा रिकामी ठेवायची, अशी अट घातली. सरासरी लगेच ताळ्यावर आली. पण अट लिहिताना एक गोष्ट खटकली, ती नोंदवून ठेवते : ज्यांचा करार झालेला नाही ते सगळे या अटीने हिशोबाबाहेर गेले. आणि 'थांबले आहेत' ते नेमके हेच. आज याला उत्तर नाही.

गुरुवार, ६ मार्च

पाच तारखा म्हणजे कॅलेंडर टेबलशी, म्हणजे सगळ्या तारखांच्या यादीशी, पाच नाती. त्यातलं एका वेळी एकच चालू राहतं, बाकीची तुटक रेषेची, आणि प्रत्येक मेजरमध्ये (हिशोबाच्या सूत्रात) 'यूजरिलेशनशिप' लिहून ती जागी करावी लागतात. दोन-तीन मेजरपुरतं ठीक, पण प्रवास दाखवायचा तर पाचही तारखा एकाच अक्षावर हव्यात. म्हणून पॉवर क्वेरीत, म्हणजे टेबलाची मांडणी बदलायच्या भागात, जाऊन पाच कॉलम अनपिव्हॉट केले. आडवं टेबल उभं झालं : ग्राहक, टप्पा, तारीख. एका ग्राहकाची एक ओळ होती, तिथे आता जास्तीत जास्त पाच ओळी.

दोन गोष्टी पुढच्या माणसासाठी. अनपिव्हॉट रिकाम्या जागा गाळून टाकतं. ज्याची एकही तारीख भरलेली नाही असा ग्राहक टेबलातून मुकाट्याने नाहीसा होतो, त्यामुळे ग्राहकांची मूळ यादी वेगळ्या टेबलात ठेवलीच पाहिजे. दुसरं, टप्प्याच्या नावांना क्रमांकाचा कॉलम जोडून 'सॉर्ट बाय कॉलम' लावा. नाहीतर नावं अक्षरक्रमाने लागतात आणि करार कोटेशनच्या आधी जाऊन बसतो.

शुक्रवार, ७ मार्च

सँकी, म्हणजे प्रवाहाचा पट्ट्यांचा चार्ट, करून पाहिला. दिसायला देखणा : डावीकडून जाड पट्टा निघतो, फुटतो, बारीक होत जातो. आयर्लंडचे अभियंते सँकी यांनी १८९८ साली वाफेच्या इंजिनातली ऊर्जा कुठे कुठे वाया जाते ते असं दाखवलं, म्हणून हे नाव. मात्र हीच कल्पना त्याआधी, १८६९ साली, फ्रान्सच्या मिनार यांनी नेपोलियनच्या रशिया मोहिमेच्या नकाशासाठी वापरली होती. ४,२२,००० सैनिकांचा जाड पट्टा परतताना १०,००० चा धागा होतो. त्या नकाशाकडे मी आज बराच वेळ बघत बसले. मिनार यांनी परतीच्या वाटेखाली तापमान आणि तारखा लिहिल्या आहेत. गळती कधी झाली हे त्या तारखांमुळे समजतं, आणि माझ्या सँकीत नेमक्या त्याच नाहीत.

सँकी दुसऱ्या पानावर टाकला. मुख्य पान अजून रिकामं.

सोमवार, १० मार्च

आजचा दिवस ११८ क्रमांकाच्या ग्राहकाचा.

विक्रीतल्या ज्या सरांनी हा ग्राहक हाताळला त्यांना सहज विचारलं, कोटेशनला ३० दिवस का लागले? ते म्हणाले, "तीस? मी तर दोन दिवसांत पाठवलं होतं." मेल उघडून दाखवला. तारीख १५ जानेवारी.

मग मूळ सिस्टिममध्ये शिरून टप्प्यांच्या बदलांचा इतिहास काढला. आम्हाला रोज मिळणाऱ्या टेबलात प्रत्येक टप्प्याची फक्त शेवटची तारीख येते, जुनी पुसून नवी बसते. खरा प्रवास असा होता : ६ जानेवारी चौकशी, १३ ला डेमो, १५ ला कोटेशन. मग ग्राहकाकडच्या आणखी लोकांना डेमो हवा झाला, म्हणून २९ जानेवारीला तो पुन्हा डेमोच्या टप्प्यावर. १२ फेब्रुवारीला सुधारित कोटेशन. २४ ला करार.

एकूण ५६ दिवस तेच, पण गोष्ट वेगळीच निघाली. आपण कोटेशन द्यायला दोन दिवस घेतले. त्यानंतरच्या ४० दिवसांत ग्राहक एकदा मागे फिरला आणि परत पुढे आला. आधीच्या टेबलावरून रिपोर्ट केला असता तर सरांच्या नावावर ३० दिवसांची दिरंगाई लागली असती, आणि आकडा तारखांनिशी असल्यामुळे कुणी शंकाही घेतली नसती. याचं मला मनापासून वाईट वाटलं. माणसाच्या कामाचा हिशोब आपण मांडतो तेव्हा पुसलेली तारीख ही किरकोळ बाब राहत नाही.

निर्णय : रोजचं टेबल बंद, इतिहासाच्या टेबलावरून नव्याने सुरुवात. सहा तारखेचं अनपिव्हॉट आता लागणार नाही, कारण इतिहासाचं टेबल मुळातच उभं आहे. प्रत्येक ओळीत ग्राहक, टप्पा, त्यात शिरल्याची वेळ. बाहेर पडल्याची वेळ म्हणजे त्याच ग्राहकाची पुढची ओळ. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) पुढची ओळ वाचणारं 'लीड' वापरून, ग्राहकानुसार गट करून आणि वेळेनुसार लावून ती ओढून घेतली. पुढची ओळ नसेल तर ग्राहक अजून तिथेच आहे. मंगळवारी हिशोबाबाहेर गेलेली माणसं इथे आपोआप परत आली.

बुधवार, १२ मार्च

इतिहासाच्या टेबलातही गोम निघाली. बऱ्याच ग्राहकांचे डेमो आणि कोटेशन एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने. वार काढून पाहिले तर शुक्रवारची संध्याकाळ. आठवडाभराच्या नोंदी शुक्रवारी एकदम भरल्या जातात. म्हणजे ती तारीख घटनेची नाही, नोंद करण्याची आहे.

याला सूत्राने उत्तर नाही. डेमोची तारीख मीटिंगच्या कॅलेंडरमधून आणि कोटेशनची पाठवलेल्या मेलवरून घेता येते, म्हणून या दोन टप्प्यांसाठी ती घेतली. बाकीच्या ठिकाणी 'नोंदीची तारीख' असं रिपोर्टवरच स्पष्ट लिहिलं. एक तासाच्या आत दोन टप्पे ओलांडलेल्या ओळींना खूण केली आणि त्या दिवसांच्या हिशोबातून बाजूला ठेवल्या. काढून टाकल्या नाहीत. मॅडमना बटण दाबून त्या पाहता येतील.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, चालतं. वेळ आपल्या घड्याळाला आणून मगच तारीख कापायची, उलट क्रमाने केलं तर दिवसाच्या टोकाजवळच्या नोंदी एक दिवस सरकतात. दोन तारखांमधले दिवस मोजणारं 'डेटडिफ'सुद्धा उलटून गेलेल्या मध्यरात्री मोजतं : रात्री ११:५० ते १२:१० या वीस मिनिटांचा त्याच्या लेखी एक दिवस. आम्हाला एवढी चूक चालते, पण माहीत असलेली बरी.

सोमवार, १७ मार्च

मुख्य पानावर काय ठेवायचं ते अखेर सापडलं.

आधी गँट चार्ट केला होता : प्रत्येक ग्राहकाची आडवी पट्टी, टप्प्यांप्रमाणे रंग. स्टॅक्ड बारमध्ये पहिला भाग पारदर्शक ठेवला की जमतो. एका ग्राहकासाठी छान. चाळीस ग्राहकांची मात्र रंगीबेरंगी गोधडी झाली आणि मागे फिरलेला ग्राहक त्यात वेगळा ओळखू येईना.

मग रेल्वेचे आलेख आठवले. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानकं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेषा. पॅरिस-लिऑन मार्गाचा असा आलेख एकोणिसाव्या शतकातच छापला गेला आहे, आणि गाड्यांचं नियोजन करणारे आजही असेच आलेख वापरतात. रेषा जितकी उभी तितकी गाडी वेगवान, आडवी झाली की गाडी थांबलेली. दोन रेषा छेदतात तिथे गाड्यांची गाठ पडते. एका कागदावर अख्ख्या मार्गाचा दिवस.

ग्राहकांसाठी हेच केलं. लाइन चार्ट, आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर टप्प्याचा क्रमांक १ ते ५, प्रत्येक ग्राहकाची एक रेषा. ११८ ची रेषा वर चढली, जानेवारीअखेर खाली आली, पुन्हा चढली. एका नजरेत.

तारखेचा अक्ष 'कंटिन्युअस' ठेवणं अत्यावश्यक आहे. 'कॅटेगॉरिकल' ठेवला तर ज्या दिवशी काही घडलं नाही तो दिवस अक्षावरून गायब होतो. वाट पाहण्याचे दिवस म्हणजे काही न घडलेले दिवसच. तेच पुसले गेले तर उरलं काय?

बुधवार, १९ मार्च

दोन दिवस चार्ट बघून एक शंका मनात घोळत होती, आज ती सुटली. तिरकी रेषा ग्राहकाच्या बाबतीत खोटी आहे. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये खरोखर धावत असते. ग्राहक मात्र कोटेशन आणि करार यांच्या 'मध्ये' कुठे नसतो, तो कोटेशनवरच उभा असतो आणि एक दिवस करारावर जातो. तिरकी रेषा पाहणाऱ्याला वाटतं की रोज थोडी प्रगती होतेय. खरं तर चाळीस दिवस काहीच हललेलं नसतं.

रेषेचा प्रकार बदलून पायऱ्यांचा केला. आता थांबणं आडवं दिसतं आणि पायरीची लांबी म्हणजे दिवस. ज्यांचा प्रवास चालू आहे त्यांच्यासाठी आजच्या तारखेची एक ओळ जोडली, टप्पा तोच. त्याशिवाय त्यांची रेषा शेवटच्या बदलापाशीच संपत होती आणि ग्राहक जणू तिथे मिटला असं दिसत होतं. आता रेषा आजपर्यंत लांबत येते आणि उजव्या कडेला टेकते. 'आज' म्हणजे डेटा रिफ्रेश झाल्याची तारीख घेतली. रिपोर्ट उघडल्याची घेतली असती तर रिफ्रेश अडकलेल्या दिवशी सगळेच ग्राहक एक दिवस जास्त थांबलेले दिसले असते.

एका वेळी तीसेक रेषाच ठेवते. सगळ्या फिक्या करड्या, स्लायसरमधून (निवडीच्या यादीतून) निवडलेली तेवढी गडद. पाच टप्प्यांना पाच रंग दिले होते ते काढले. टप्पा उंचीवरून कळतोच.

गुरुवार, २० मार्च

आढावा बैठक. पायऱ्यांचा चार्ट सगळ्यांना पटला. पण चर्चा रंगली ती कोपऱ्यातल्या एका छोट्या चार्टवर : ग्राहक ज्या महिन्यात आला त्या महिन्यानुसार 'चौकशी ते करार' सरासरी दिवस. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रेषा सलग उतरत आलेली. एक सर म्हणाले, "म्हणजे नवीन पद्धत लागू पडतेय." मानाही डोलल्या.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन मिनिटं गेली, मग बोलले. मार्चमध्ये आलेल्या ग्राहकाला आज जास्तीत जास्त १९ दिवस झालेत. त्यातल्या ज्याचा करार झाला त्याचा १९ दिवसांच्या आतच झालेला असणार, दुसरं काही शक्यच नाही. जे ५० दिवस घेणार आहेत ते अजून रांगेत आहेत आणि सरासरीत नाहीत. म्हणून सर्वांत ताजा महिना नेहमीच सर्वांत वेगवान दिसणार, या वर्षीही आणि पुढच्याही. पद्धत सुधारली असेलही, पण हा चार्ट ते सांगू शकत नाही.

खोली शांत झाली. मॅडम म्हणाल्या, "मग जो सांगू शकेल तो आणा." चार्ट तिथल्या तिथे पानावरून काढला.

शुक्रवार, २१ मार्च

हा प्रश्न वैद्यकीय संशोधनात फार आधी सुटलेला आहे. अभ्यास संपताना काही रुग्ण हयात असतात. ते किती जगतील ते माहीत नसतं, पण अमुक दिवस तर नक्की जगले, हे माहीत असतं. ही अर्धी माहिती फेकून न देता वापरायची रीत कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ च्या शोधनिबंधात मांडली. आमचा थांबलेला ग्राहक अगदी तसाच : करार कधी होईल ते ठाऊक नाही, पण ३० दिवसांत झालेला नाही हे पक्कं ठाऊक आहे.

संघाला समजावून सांगायला पाच ग्राहकांचं उदाहरण फळ्यावर मांडलं. तिघांचा करार कोटेशननंतर ४, ६ आणि ९ दिवसांनी झाला. दोघे अजून थांबलेत, एकाला २० दिवस झाले, दुसऱ्याला ३०. फक्त झालेले करार धरले तर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ६ दिवस. आता पाचही जण धरा. चौथ्या दिवशी पाचपैकी एक गेला, उरले ८० टक्के. सहाव्या दिवशी उरलेल्या चारांतला एक गेला, म्हणजे ८० चे तीन चतुर्थांश, ६० टक्के. नवव्या दिवशी तिघांतला एक, ६० चे दोन तृतीयांश, ४० टक्के. निम्म्याची रेषा ओलांडली गेली नवव्या दिवशी. मध्यक ९. सहाचे नऊ झाले, तेही ज्यांचा निकाल लागलेला नाही त्यांच्या बाबतीत काहीही अंदाज न बांधता.

कुणीतरी विचारलं, मग या पाचांची सरासरी काय धरायची? धरायचीच नाही. सरासरीला प्रत्येकाचा शेवटचा आकडा लागतो, मध्यकाला निम्मे पुढे सरकले की पुरतं.

डॅक्समध्ये हे एकावर एक गुणाकार करत काढावं लागतं. प्रत्येक दिवसासाठी 'अजून थांबलेले' आणि 'आज पुढे गेलेले' मोजायचे आणि गुणोत्तरं गुणत जायची. मेजर हळू चालत होतं, म्हणून हिशोब एसक्यूएलकडे नेला आणि रिपोर्टमध्ये फक्त उरलेल्यांच्या टक्क्यांचा तयार वक्र आणला. महिन्यांची तुलना आता या वक्रांवर होते, आणि मार्चचा वक्र जिथे माहिती संपते तिथे थांबतो.

सोमवार, २४ मार्च

मॅडमना रोजची गर्दीही हवी होती : कुठल्या दिवशी कुठल्या टप्प्यावर किती ग्राहक उभे होते. शिरल्याची तारीख त्या दिवसाची किंवा आधीची, आणि बाहेर पडल्याची तारीख त्यानंतरची किंवा रिकामी, अशी मोजणी. या मेजरसाठी कॅलेंडर टेबल टप्प्यांच्या टेबलाला न जोडता सुटं ठेवलं. जोडलं की फक्त त्याच दिवशी शिरलेले मोजले जातात. इथे माझी अर्धी सकाळ गेली. एकावर एक थर रचून एरिया चार्ट केला. कोटेशनचा थर फुगत चाललाय आणि कराराचा आहे तसाच, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

अंतिम पाहणी. मॅडमनी पायऱ्यांच्या चार्टवर उजव्या कडेला टेकलेली सर्वांत लांब आडवी रेषा निवडली. कोटेशनवर ६४ दिवस. ज्यांच्याकडे तो ग्राहक आहे त्या सहकारी ताई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "तो आपल्यामुळे थांबलेला नाही. त्यांच्याकडची मंजुरी बाकी आहे, मी दर आठवड्याला फोन करते." फोनच्या नोंदी होत्या, पण वेगळ्या टेबलात, आणि चार्टवर त्यांचा मागमूस नव्हता. माझ्या चार्टवर त्यांचं नऊ आठवड्यांचं काम एका सपाट रेषेएवढं दिसत होतं.

फोनच्या तारखा आजच रेषेवर छोट्या ठिपक्यांनी टाकल्या. नऊ ठिपके.

कोण कुणाची वाट पाहतंय हे मात्र कुठेच नोंदलेलं नाही. टप्प्याच्या फॉर्ममध्ये 'कोणाकडे अडलंय' असा एक रकाना मागितला आहे, तीन पर्याय : आपल्याकडे, ग्राहकाकडे, तिसऱ्या कुणाकडे. तोही बदलांच्या इतिहासासह, पुसून नवा भरलेला नको, हे मेलमध्ये दोनदा लिहिलं. रकाना १ एप्रिलपासून सुरू होतोय. त्याआधीच्या पायऱ्यांवर आठवणीतून पर्याय भरून देऊ का, असं दोघांनी विचारलं, मी नको म्हणाले. त्या पायऱ्या 'नोंद नाही' म्हणून करड्याच राहतील.